दिनविशेष : १४ फेब्रुवारी २०१४ – ‘फँड्री’ प्रदर्शित

नागराज मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘फँड्री’ २०१४ मध्ये आजच्या दिवशी, ऐन ‘व्हॅलेंटाइन डे’ला पडद्यावर आला. कैकाडी समाजातल्या जब्याचा वर्गातल्या शालूवर जीव जडतो, आणि गाव त्याला डुकरं धरायला लावतं. डुक्कर हाती लागणार, तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सगळे जागच्या जागी थांबतात, डुक्कर मात्र निसटतं. एवढं बोचरं दृश्य मराठी पडद्यावर क्वचितच आलं असेल. वडील कचरूच्या भूमिकेत किशोर कदम होते, तर जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेचा त्याआधी सिनेमाशी संबंध नव्हता.

मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. आणि मग नगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने राष्ट्रीय पुरस्कार पटकावला. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रहही ‘फँड्री’आधीचाच, त्यांची दृश्यं पाहताना कवी लपत नाही. ‘फँड्री’ला पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. पुढे नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवरचा हिंदी ‘झुंड’ करताना मंजुळेंनी विदर्भ गाठला.