वरच्या वर्गातील वाटाड्या

पदवीच्या नवागत विद्यार्थ्यास विषयांची निवड, क्रेडिट आणि परीक्षापद्धती यांविषयी त्याच महाविद्यालयातील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्याने रीतसर मार्गदर्शन करणे, यास विद्यार्थी-मार्गदर्शक योजना म्हणतात. मुंबईच्या आयआयटीत अशी योजना रुजली असून तेथे नवागतांसाठी आणि विभागवार अभ्यासासाठी स्वतंत्र विद्यार्थी-मार्गदर्शक नेमले जातात.

ग्रामीण भागात तिची निकड अधिक आहे. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, तर १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. बारामती आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातील खेड्यांमधून एसटीने येणाऱ्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. विषय कोणता घ्यावा, हे घरी कोणास विचारावे?

पूर्वी शाखा ठरली की बहुतेक विषय आपोआप ठरत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. आता मेजर, मायनर, खुले वैकल्पिक व कौशल्याधारित विषय यांची सांगड घालावी लागते. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६ क्रेडिट लागतात. तासिकांच्या एका क्रेडिटमागे सत्रात १५ तास अध्यापन अपेक्षित असते. या हिशेबात चूक झाल्यास पदवी लांबण्याची भीती असते.

प्राध्यापक-पालकाची व्यवस्था अनेक महाविद्यालयांत आहे. परंतु साधी शंका सरांना विचारण्यास नवखा विद्यार्थी कचरतो. दोन वर्षांपूर्वी तीच निवड केलेला दादा किंवा ताई त्यास जवळची वाटते.

मात्र अनौपचारिक सल्ला ऐकीव माहितीवर चालतो. म्हणून मार्गदर्शकास विद्यापीठाच्या नियमांचे प्रशिक्षण, ठरावीक वेळ व जागा आणि देखरेखीस एक प्राध्यापक हवा. शेवटच्या एसटीची वेळ पाहूनच भेटीची वेळ ठरवावी. त्याने पर्याय समजावून सांगावेत. निर्णय विद्यार्थ्यावर सोडावा. गुण व हजेरी यांत त्याचा हस्तक्षेप नसावा. मानसिक ताण वा आर्थिक अडचण दिसल्यास विद्यार्थ्याच्या संमतीने ती प्राध्यापकांकडे वा समुपदेशकाकडे न्यावी. जिवास धोका जाणवल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता कळवावे.

विषयांचे स्वातंत्र्य धोरणाने दिले आहे. त्याचा उपयोग करता यावा, यासाठी विचारायला हक्काचे माणूसही मिळायला हवे.