अद्ययावत केल्यानंतर पडदा काळा? लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हरची दुरुस्ती

बुलढाणा, प्रतिनिधी : संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, निर्मात्या कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि त्यानंतर पडदा काळाच राहतो. आदल्या रात्री लिनक्स प्रणाली अद्ययावत केलेली असते. तालुक्याच्या गावी अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो : 'फॉरमॅट मारून टाका.' लग्नपत्रिकांचे मजकूर, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल असे सारे त्या एका सल्ल्याने पुसले जाते. वास्तविक या बिघाडात वापरकर्त्याच्या फायली बहुधा सुरक्षित असतात. बिघडलेला असतो तो प्रणाली आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातील दुवा, म्हणजेच ड्रायव्हर.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही, अशा जुन्या संगणकांसाठी उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन किंवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेली 'बॉस' प्रणाली हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मात्र नेमक्या याच जुन्या यंत्रांतील ग्राफिक्स कार्डे अद्ययावत करताना अडचणीत येतात. त्यामुळे या बिघाडाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

बिघाड का होतो?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्राच्या सर्व भागांशी बोलण्याचे काम तो करतो. इंटेल आणि एएमडी यांच्या चित्रप्रणालीचे ड्रायव्हर मुक्त स्रोत असून ते कर्नलबरोबरच येतात. कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर मात्र कर्नलच्या बाहेर राहतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा एक भाग नव्याने जुळवावा लागतो. हे काम 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा पडद्यामागे करते. जुळवणी अर्धवट राहिली, कर्नलच्या 'हेडर' फायली नसल्या किंवा ड्रायव्हर फारच जुना असला, तर नवा कर्नल सुरू होतो, पण चित्र उमटत नाही.

चूक नेहमी वापरकर्त्याचीच असते असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उबुंटू ६.०६ साठी आलेल्या एका सदोष सुधारणेमुळे अनेकांच्या संगणकांवरील चित्रमय पडदा नाहीसा होऊन केवळ अक्षरांचा पडदा उरला होता. दुरुस्त आवृत्ती लवकरच उपलब्ध झाली. ज्यांनी घाईने सारे पुसले नाही, त्यांचे काहीच गेले नाही.

आधी लक्षण ओळखा

सर्वप्रथम मॉनिटरची तार तपासावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला मागे दोन ठिकाणी जोडणी असते. तार मदरबोर्डच्या जोडणीत गेली असेल तर पडदा काळा दिसू शकतो.

तार योग्य असल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरांच्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला गेला, तर प्रणाली जिवंत आहे, दोष फक्त चित्राच्या भागात आहे. (येथे पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, त्याने गोंधळू नये.) निर्मात्याचे बोधचिन्हही दिसत नसेल, तर कारण रॅम, वीजपुरवठा किंवा मॉनिटर यांत शोधावे.

पासवर्ड दिल्यावर पुन्हा पासवर्डचाच पडदा येत असेल, तर ड्रायव्हरखेरीज आणखी एक शक्यता असते : हार्ड डिस्क पूर्ण भरलेली असणे. पडदा दिसतो, पण अक्षरे मोठी, हालचाल मंद आणि प्रोसेसर तापलेला असेल, तर चित्राचे सारे काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर करीत आहे असे समजावे. प्रणालीच्या माहितीच्या खिडकीत ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' हा शब्द दिसल्यास या निदानाला पुष्टी मिळते.

पहिला उपाय : जुना कर्नल

उबुंटू आणि मिंट या प्रणाली नवा कर्नल बसविताना आधीचा कर्नल साधारणपणे राखून ठेवतात. संगणक सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरावी. यूईएफआय असलेल्या नव्या यंत्रांवर एस्केप कळ एकदा दाबावी. 'ग्रब' नावाची यादी येते. तीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडल्यास कर्नलचे क्रमांक दिसतात. सर्वांत वरचा नवा असतो. त्याखालील जुना निवडावा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ सध्या टाळावी. जुन्या कर्नलवर पडदा पूर्ववत दिसला, तर दोष नव्या कर्नलच्या जुळवणीत आहे हे निश्चित होते. त्याच वेळी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

जुना कर्नल नसल्यास यादीतील पहिल्या ओळीवर 'ई' ही कळ दाबावी. जी ओळ 'लिनक्स' या शब्दाने सुरू होते, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि सलग लिहावा व एफ-१० दाबावे. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहून साधा पडदा मिळतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायम ठेवू नये. तसे केल्यास इंटेल व एएमडीचे चांगले ड्रायव्हरही निकामी राहतात.

वीज गेल्याने अर्धवट राहिलेले काम

ग्रामीण भागात या बिघाडाचे एक वेगळेच कारण संभवते. काहीशे मेगाबाइटचा मजकूर मोबाइलच्या इंटरनेटवर उतरवून घेताना किंवा तो बसविला जात असताना वीज गेली, तर काही भाग नवे आणि काही जुने अशी अवस्था होते. ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग आणि बाहेरचा भाग यांचे आवृत्ती क्रमांक जुळले नाहीत, तर तो चालत नाही.

अशा वेळी 'रिकव्हरी मोड' उपयोगी पडतो. त्याच्या यादीत 'क्लीन' हा पर्याय डिस्कवर जागा मोकळी करतो, 'नेटवर्क' इंटरनेट सुरू करतो आणि 'डीपीकेजी' अर्धवट राहिलेली सॉफ्टवेअरे पूर्ण बसवितो. याच क्रमाने ते वापरून शेवटी 'रिझ्यूम' निवडावे व संगणक पुन्हा सुरू करावा. केवळ अर्धवट काम हेच कारण असेल, तर बिघाड येथेच संपतो.

कार्ड कोणते, त्यावर पुढचा उपाय

टर्मिनलमध्ये एल, एस, पी, सी, आय ही पाच रोमन अक्षरे लहान आकारात सलग लिहिली, की यंत्रातील भागांची यादी येते. तीत 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी' शब्द असलेल्या ओळीत कार्डाचे नाव असते.

इंटेल : वेगळा ड्रायव्हर शोधण्याची गरज नाही. जुन्या कर्नलवर काम चालवावे आणि पुढच्या सुधारणेची वाट पाहावी.

एएमडी : पूर्वीचा 'एफजीएलआरएक्स' हा ड्रायव्हर उबुंटू १६.०४ पासून, म्हणजे २०१६ मध्ये वगळण्यात आला. आता 'एएमडीजीपीयू' व त्याहून जुन्या कार्डांसाठी 'रेडिऑन' हे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. त्यांना 'फर्मवेअर'च्या फायली मात्र लागतात. डेबियनने २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून या फायलींसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग केला आहे. ११ वरून १२ वर जाताना तो विभाग यादीत जोडला नसल्यास नव्या फायली येत नाहीत.

एनव्हिडिया : येथे कार्डाचे वय निर्णायक ठरते. जीफोर्स २१० सारख्या कार्डांसाठीची ३४० ही मालिका २०१९ अखेर थांबली. त्यांना कर्नलमधील 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हरच योग्य. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही अखेरची मालिका असून तिचा आधारही २०२४ मध्ये संपला. जीटीएक्स ७५० टीआय, जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० यांच्या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे. प्रणालीने त्याहून नवी मालिका बसविली, तर ही कार्डे ओळखलीच जात नाहीत. उबुंटूतील 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' किंवा मिंटमधील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून कार्डाला योग्य मालिका निवडावी; ती नव्या कर्नलशी जुळत नसल्यास 'नूवो' निवडावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती हाताने बसविणे टाळावे. कर्नल बदलला की तोच त्रास पुन्हा उद्भवण्याचा धोका असतो.

निळा पडदा आणि 'सिक्युअर बूट'

'सिक्युअर बूट' सुरू असलेल्या संगणकावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसविताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यावयाचा असतो. अनेकजण घाबरून हा पडदा ओलांडतात. परिणामी ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल त्याला प्रवेश देत नाही. असे झाल्यास ड्रायव्हर पुन्हा बसवून निळ्या पडद्यावरील प्रक्रिया पूर्ण करावी.

पुढच्या वेळेसाठी

अद्ययावत करण्यापूर्वी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आधीपासून असते, उबुंटूत ते बसविता येते. प्रणालीची आधीची स्थिती त्यातून परत आणता येते. मात्र वापरकर्त्याच्या फायली ते सहसा जपत नाही, म्हणून त्यांची प्रत वेगळीच हवी. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस किंवा इन्व्हर्टर जोडलेला असावा. पत्रिकांचा हंगाम किंवा परीक्षेचे दिवस तोंडावर असताना आवृत्ती बदलू नये. नवा कर्नल काही दिवस नीट चालल्याखेरीज जुना काढू नये.

आणि सर्व उपाय थकले, तरीही फॉरमॅटपूर्वी एक पायरी उरतेच. लिनक्सच्या 'लाइव्ह' पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, हार्ड डिस्क उघडावी आणि फायली बाहेर काढून घ्याव्यात. डिस्क कुलूपबंद केलेली असल्यास तिचा पासवर्ड लागेल. दुरुस्तीसाठी संगणक दुकानात देतानाही 'आधी फायली काढा, मग पुढचे' एवढे सांगण्यास विसरू नये. प्रणाली तासाभरात पुन्हा बसविता येते. पुसला गेलेला वर्षभराचा हिशेब पुन्हा मिळेलच असे नाही.