मनिलाचा विध्वंस

किल्ला लढण्यासाठीं बांधलेला असतो, शहर नांदण्यासाठीं. हा भेद विसरल्यास काय अनर्थ ओढवतो, हें फिलिपाइन्सची राजधानी मनिला हिच्या इतिहासावरून दाखवावें, असा आमचा हेतु आहे.

तीन वर्षांच्या अंतरानें या एकाच शहराचें दैव दोन प्रकारें ठरलें. जपानी सैन्य चालून आलें तेव्हां, २६ डिसेंबर १९४१ रोजीं, जनरल मॅकआर्थर यांनीं मनिला 'खुलें शहर' म्हणून जाहीर केलें व आपली फौज बातान द्वीपकल्पांत नेली. बंदरावर बाँब पडले खरे. परंतु रस्तोरस्तीं रण माजलें नाहीं. २ जानेवारी १९४२ रोजीं जपानी आंत शिरले, तेव्हां शहर उभें होतें.

फेब्रुवारी १९४५ मध्यें अमेरिकन फौजा परतल्या. जपानी सेनापति यामाशिता यांचा मनिला लढविण्याचा विचार नव्हता. ते डोंगरांत गेले होते. परंतु आरमाराचे रिअर ॲडमिरल इवाबुची सुमारें १७,००० सैनिकांसह मागें राहिले. निघून येण्याचा हुकूम त्यांस पुढें सुटला. पण तोंवर शहरास वेढा पडून वाट बंद झाली होती. दगडी इमारतींचे बुरूज बनले. नागरिकांसाठीं मॅकआर्थर यांनीं विमानांतून बाँब टाकण्यास मनाई केली. तथापि शिपाई पडूं लागतांच तोफांवरील निर्बंध सैल झाले, आणि इंत्रामुरोस हा स्पॅनिश अमदानींतील तटबंदीचा भाग तोफांनींच उद्ध्वस्त झाला. इकडे जपान्यांनीं नागरिकांची सर्रास कत्तल चालविली. ३ मार्च रोजीं लढाई संपली, तेव्हां सुमारें १,००,००० नागरिक प्राणांस मुकले होते; अमेरिकन सैनिक सुमारें १,००० पडले होते. १९४६ मध्यें यामाशिता यांस फांशी झाली. आपल्या सैन्याच्या अत्याचारांस आळा घातला नाहीं, हा त्यांच्यावरील आरोप होता.

खुलें शहर म्हणजे शत्रूच्या हातीं दिलेलें शहर. मनिलाकरांनीं मधल्या तीन वर्षांत सोसलेले हाल थोडे नव्हते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीहि एक गोष्ट उघड आहे. लढाई शहरांत जुंपल्यावर एखादें शस्त्र वर्ज्य केल्यानें नागरिक वांचत नाहींत. त्यांचें रक्षण व्हावयाचें तर तें त्याआधींच्या निर्णयांत होतें: लढाई कोठें द्यावी, शत्रूस वाट ठेवावी कीं नाहीं, आणि लोकांस केव्हां बाहेर काढावें. आज निम्म्याहून अधिक मानवजाति शहरांत राहते. म्हणून हा विचार केवळ सेनापतींवर सोंपवून चालणार नाहीं.