ठाण्याबाहेरची गर्दी

आधीच सांगते, आजचा भाग जड आहे. बलात्काराच्या एका जुन्या खटल्याबद्दल बोलणार आहोत. नको ते तपशील मी टाळलेत, तरीही ऐकताना त्रास झाला तर सरळ थांबवा. नंतर कुणाच्या तरी सोबत बसून ऐका.

विषय सुचला तो एका मेसेजमुळे. एका श्रोत्यानं विचारलं होतं, "ओळखीतल्या मुलीसोबत खूप वाईट घडलंय. मी वकील नाही, डॉक्टर नाही, कुठल्या संस्थेत नाही. मी काय डोंबल करणार?" मी लगेच काहीतरी उत्तर टाइप केलं आणि खोडून टाकलं. कारण मला एकदम देसाईगंज आठवलं.

देसाईगंज, म्हणजे वडसा. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं गाव, वैनगंगेच्या जवळ. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण 1972 मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हाच नव्हता, सगळं चंद्रपुरात होतं. तिथे एक आदिवासी मुलगी राहायची. आईवडील नव्हते, भावासोबत राहायची, मजुरी करायची. वय नक्की कुणालाच माहीत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी तपासून अंदाज दिला, 14 ते 16. खटला तिच्या नावानं प्रसिद्ध आहे, गुगल केलंत तर दोन सेकंदांत सापडेल. मी ते नाव घेणार नाही. का, ते पुढे येईलच.

तर झालं असं की, ज्या बाईच्या घरी ती कामाला जायची तिच्या भाच्याशी तिचं जमलं. लग्न करायचं ठरत होतं. भावाला ते पटलं नाही आणि त्यानं पोलिसांत तक्रार दिली, बहिणीला पळवून नेलंय म्हणून. 26 मार्च 1972 च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबल घरी निघून गेला आणि बाकीचेही निघाले. तेवढ्यात ड्युटीवरच्या पोलिसानं मुलीला थांब म्हटलं आणि इतरांना बाहेर काढलं.

आता इथून पुढचं नीट ऐका. इतिहास सांगताना हा तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो.

बाहेरच्यांना वेळ जायला लागला तसा संशय आला. ठाण्यातले दिवे गेले होते, दार आतून बंद होतं. ती कामवाली नाही, ती जिच्याकडे काम करायची ती बाई, ठाण्याच्या मागच्या बाजूला गेली आणि अंधारात मुलीला हाका मारायला लागली. उत्तर आलं नाही. आरडाओरडा ऐकून आजूबाजूची माणसं जमली. एक पोलीस बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी कधीच गेली. थोड्या वेळानं मुलगी मागून बाहेर आली आणि काय झालं ते सांगितलं. ती बाई तिला तशीच गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, ठाण्यात जाऊन रिपोर्ट द्या.

ठाण्यात! म्हणजे जिथे घडलं तिथेच.

पण ती माणसं गेली. काही जण घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला उठवून घेऊन आले. तो आला तेव्हा जमाव इतका भडकलेला होता की त्या पोलिसाला मारू, ठाणं जाळून टाकू अशी भाषा चालली होती. त्यानं लोकांना समजावून पांगवलं आणि मग मुलीचा जबाब लिहून घेतला. तोच एफआयआर. हे मी मनानं रंगवून सांगत नाहीये, सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रातच हा घटनाक्रम आहे.

ठाणं जाळण्याच्या धमकीचं मी कौतुक करत नाहीये. पण विचार करा. 1972 साल, अनाथ आदिवासी मजूर मुलगी, आरोपी पोलीस, तक्रार नोंदवायची ती त्याच ठाण्यात. बाहेर ती माणसं नसती तर कागदावर एक ओळ तरी उमटली असती का? महिला आंदोलनाचा इतिहास आपण सहसा दिल्ली-मुंबईपासून सुरू करतो. माझ्या मते या प्रकरणात तो त्या हाकांपासून सुरू होतो. त्या लोकांना आंदोलन वगैरे शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपली पोरगी आत आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

पुढची कोर्टकचेरी थोडक्यात सांगते. वैद्यकीय तपासणी झाली ती घटनेनंतर जवळपास वीस तासांनी. 1 जून 1974 ला सेशन्स कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा शेरा मारून. 12 ऑक्टोबर 1976 ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं हे उलटवलं. खंडपीठाचं म्हणणं साधं होतं: हे पोलीस तिला पूर्ण अनोळखी होते, ती स्वतःहून पुढाकार घेईल हे संभवत नाही, आणि भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष.

आणि 15 सप्टेंबर 1978 ला सुप्रीम कोर्टानं दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे जबरदस्ती नाही. हा मुद्दा तुम्ही कदाचित ऐकला असेल. पण त्यात अजून एक युक्तिवाद आहे, मला तो वाचून जास्त धक्का बसला. कोर्टानं म्हटलं की तिचा भाऊ आणि तिची माणसं तिथेच सोबत होती, ती जवळजवळ ठाण्याबाहेर पडलेली होती, मग पोलिसांच्या दबावाखाली तिनं काहीच प्रतिकार केला नाही हे पटण्यासारखं नाही.

म्हणजे बघा, जी माणसं तिच्यासाठी आली, त्यांचं असणंच तिच्या विरोधात वापरलं गेलं. सोबत कुणी नसतं तर एफआयआर झाला नसता. सोबत होते, म्हणून तिची भीती खोटी ठरली.

हे प्रकरण इथेच धूळ खात पडलं असतं. कायद्याच्या रिपोर्टांमध्ये ते आरोपीच्या नावानं छापलं गेलं, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, आणि वर्षभर फारसं कुणी काही बोललं नाही. मग 16 सप्टेंबर 1979 ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. लतिका सरकार म्हणजे 1974 च्या स्त्रियांच्या स्थितीवरच्या त्या गाजलेल्या सरकारी अहवालाच्या समितीतल्या. धागमवारांचं नातं पुण्याशी.

कोर्टाच्या निकालावर उघडपणे एवढं कडक लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. पत्रात त्यांनी जे विचारलं त्याचा सारांश असा: 14 ते 16 वर्षांची मुलगी, बंद ठाणं, दोन पोलीस, आणि ती यशस्वीपणे आरडाओरडा करेल अशी आपली खरंच अपेक्षा आहे का? गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक नाही का? तिचं कुणावर प्रेम होतं, एवढ्यावरून ती कुणालाही होकार देईल असं कसं धरलं? शिवाय त्यांनी एका विसंगतीवर बोट ठेवलं. त्याच सुप्रीम कोर्टानं अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, एप्रिल 1978 मध्ये, नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावणं कायद्याविरुद्ध आहे असं ठणकावलं होतं. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. वडशाच्या मजूर मुलीला ठाण्यात बोलावलं, ते मात्र कोर्टाला खटकलं नाही.

हे पत्र चार पानांचं असेल-नसेल. तेव्हा फॉरवर्ड बटण नव्हतं. कागद हातोहाती फिरले, वर्तमानपत्रांत आलं, आणि 1980 च्या सुरुवातीला मुंबईत काही बायका एकत्र आल्या. त्यांनी फोरम अगेन्स्ट रेप नावाचा गट काढला. 8 मार्च 1980 ला मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर अशा शहरांतून मोर्चे निघाले: खटला पुन्हा उघडा, कायदा बदला.

खटला काही पुन्हा उघडला नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण यूट्यूबवरच्या गोष्टींत शेवटी कायदा बदलला की पार्श्वसंगीत वाढतं आणि मुलगी विसरली जाते.

कायदा बदलला, 1983 मध्ये. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी, जास्त शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्ट तेच गृहीत धरणार, असं पुरावा कायद्यात कलम 114-अ आलं. सुनावणी बंद दाराआड घ्यायचं ठरलं. आणि पीडितेची ओळख छापणं गुन्हा झाला, कलम 228-अ. आता कळलं ना, मी नाव का घेत नाहीये ते? जिच्यामुळे इतर मुलींची नावं झाकली गेली, तिचं स्वतःचं नाव मात्र तोवर प्रत्येक फलकावर, प्रत्येक घोषणेत जाऊन बसलं होतं. तिच्या बाजूच्या लोकांनीच ते नेलं होतं. हेतू चांगलाच होता. पण तिला विचारलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. नंतर बरेच पत्रकार तिला शोधत गावात जाऊन आले. या भागासाठी मीही जावं असं मला कुणीतरी सुचवलं होतं. मी गेले नाही.

पण मोर्चे ओसरल्यावर जे सुरू झालं ते मला मोर्च्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या त्या फोरमकडे बायका यायला लागल्या, आणि फक्त बलात्काराच्या तक्रारी घेऊन नाही. घरातली मारहाण, हुंडा, घराबाहेर काढणं. गटाला आपलं नावच बदलावं लागलं, फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन. पुण्यात 1982 मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला. विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी तेव्हा पुणं हादरलं होतं, आणि त्यांचं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन पुष्कळ लोकांनी पाहिलं. मग लक्षात आलं की प्रदर्शन पाहून बाई बोलायला येते, तिच्यासाठी बसायला जागा आणि ऐकायला माणूस हवा. त्यातून त्यांचं 'बोलतं व्हा' हे केंद्र उभं राहिलं. नाव किती नेमकं आहे! नागपुरात सीमा साखरे यांनी विदर्भातल्या अशा मुलींसाठी वर्षानुवर्षं काम केलं.

1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसते, जी पोलीस नाही, पण पोलिसांच्या इमारतीतच आहे. पुढे ही पद्धत महाराष्ट्रभर पसरली. वडशाच्या ठाण्यामागे हाका मारणारी ती बाई आठवा. हा कक्ष म्हणजे तिला दारातून आत आणून खुर्ची देणं होतं. मग वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेनं 'दिलासा' केंद्र काढलं, म्हणजे डॉक्टरनं नुसतं "ठाण्यात जा" म्हणून पाठवून देऊ नये.

2012 चा पॉक्सो कायदा तर वाचताना मला वाटतं, कुणीतरी 26 मार्चची रात्र समोर ठेवूनच काही ओळी लिहिल्यात. मुलाला किंवा मुलीला कोणत्याही कारणानं रात्री ठाण्यात थांबवून ठेवायचं नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा. खटला संपेपर्यंत सोबत राहायला 'सपोर्ट पर्सन' देता येतो. सोबत असणं हे आता कायद्यातलं पद आहे. अर्थात कागदावर. ही माणसं पुरेशी आहेत का आणि त्यांना मानधन वेळेवर मिळतं का, त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

कागद आणि वास्तव यातलं अंतर मी स्वतः बघितलंय. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला एक जण सतत धमक्या देत होता, फोटो टाकेन वगैरे. तिच्यासोबत मी ठाण्यात गेले. मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा." मी निमूटपणे बाकावर जाऊन बसले. अडीच तासांनी ती बाहेर आली तेव्हा हातात कागदही नव्हता. तक्रार म्हणून घेतला होता तो नुसता अर्ज, एफआयआर नाही. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द दुसरी असली तरी झीरो एफआयआर होतो, आणि त्याची प्रत फुकट मिळते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी गेलो. दोघी आत बसल्या, बाकीच्या दारात. त्या दिवशी एफआयआर झाला.

त्या श्रोत्याला मी शेवटी लिहिलं ते असं: तिला आधी विचार तिला काय हवंय. तिचं नाव, फोटो, चॅट कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस, न्याय मिळावा म्हणूनसुद्धा नाही. हॉस्पिटलमध्ये एफआयआरशिवायही उपचार मिळतात, सरकारी असो की खासगी, आणि तेही मोफत, हा कायदा आहे. नुकसानभरपाईसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीला 112. आणि ती ठाण्यात जाणार असेल तर तू सोबत जा. बाहेर बसायला सांगितलं तर विचार, का म्हणून.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "चाललोय. तिची मावशी पण येतेय."