थोरलीला नाही, धाकटीला आहे



भाऊबीजेला बहिणी माहेरी जमतात आणि कुणीतरी हक्कसोडपत्राचा विषय काढतं. थोरली म्हणते, "मी कधी काही मागितलं नाही, तूही मागू नकोस." धाकटी म्हणते, "तुला मागताच येत नव्हतं, ताई. मला येतंय." मग दोघी दिवसभर अबोल. गाव म्हणतं, बाईच बाईची वैरी. मला हे पटत नाही. यातलं बरंचसं भांडण कायद्याने लावून दिलेलं आहे.

बहिणी-बहिणींत प्रतवारी लावण्याची रीत जुनी. सुमारे ९०० वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' लिहिली. तिच्यात आईचं स्त्रीधन लेकींना, पण आधी बिनलग्नाच्या लेकीला. सगळ्या लग्न झालेल्या असतील, तर आधी गरिबीतल्या लेकीला. आता गरीब कोण, हे ठरवायला बहिणींनी एकमेकींची घरं मोजायची!

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात लेकीला हिस्सा दिला. पण वडिलांच्या घरात राहायचा हक्क अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या लेकीलाच. नांदती लेक पाहुणी.

मग २२ जून १९९४ ला महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलासारखा जन्मापासून हक्क दिला. केंद्राच्या ११ वर्षं आधी. कौतुकाचीच गोष्ट. पण अट घातली: त्या दिवसाआधी लग्न झालेल्या लेकींना हा हक्क नाही. म्हणजे मे महिन्यात थोरलीचं लग्न झालं असेल तर ती बाहेर, आणि घरी राहिलेली धाकटी हिस्सेदार. आई-बाप एक, जमीन एक, फरक लग्नाच्या तारखेचा. आपल्याकडे आधी थोरलीलाच उजवतात, त्यामुळे बहुतेक घरांत वगळली गेली तीच. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वाढवलेली, शाळा सोडलेलीही बहुधा तीच.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी लेकीचा हक्क राहतो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेली वाटणी मोडत नाही. १९९४ नंतर आणि या तारखेआधी अशी वाटणी झालेल्या काही घरांत धाकटीचं नाव सातबाऱ्यावर लागलं, थोरलीचं नाही. भाऊबीजेला दोघी येतात.