वारली वेठीला ‘नाही’ म्हणाले

ठाण्याच्या वागळे इस्टेटचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. आज तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आहेत. पण मागे नजर टाकली की येऊरचा डोंगर दिसतो, आणि त्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. कारखान्यांच्या कितीतरी आधीपासूनचे.

आदिवासींना समाजात सामावून घ्या, असे भाषणांतून आपण नेहमी ऐकतो. जणू ही माणसे आजवर समाजाबाहेर बसली होती! इतिहास निराळेच सांगतो. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-उंबरगावकडे, वारली समाजातच होता, पण अगदी तळाशी. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या. पाऊस पडला की वारल्याने आधी मालकाचे शेत नांगरायचे, तेही फुकट. ही झाली वेठ. लग्नापुरते थोडे कर्ज काढले, की नवरा-बायको दोघेही मालकाच्या घरी राबत, आणि कर्ज काही फिटत नसे. अशा माणसाला म्हणत ‘लग्नगडी’. शब्द कानाला किती साधा लागतो!

कल्याणच्या पुढे टिटवाळा लागते. गणपतीच्या दर्शनाला आपण तिथे जातो. तिथेच जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे थोडे वारली आले होते, त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. इतर शेतकरी उभे राहून आपली गाऱ्हाणी मांडतात, हे त्यांनी पाहिले. शामराव आणि गोदावरी परुळेकर मग त्यांच्या मुलखात गेले, आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले. ठरले एवढेच, की वेठ करायची नाही आणि बारा आण्यांखाली रोज घ्यायचा नाही. (गुरुजी, बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, हे मुलांना सांगावे लागेल.) दया मागितली नव्हती, कामाचे दाम मागितले होते.

ऑक्टोबरात गवतकापणी आली. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, असे म्हणून वारल्यांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे गेली, त्यांत जेठ्या गांगड. संप मात्र मोडला नाही.

पुढे १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले, २०१४ साली तलासरी नव्या पालघर जिल्ह्यात आली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा देशाने केला तो १९७६ साली. झरीच्या सभेला तेव्हा एकतीस वर्षे होत आली होती.