पेन्शन

आमच्या गावी, मुर्ध्यात, कुणी निवृत्त झालं, की ‘पेन्शनीत निघाले’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘पेन्देरे’, म्हणजे तोलणं. पूर्वी धातू तोलून देणं चुकवत. त्यावरून ‘पेन्सिओ’ म्हणजे भरणा. फ्रेंच, इंग्रजीमार्गे शब्द आपल्याकडे आला. मराठी इतिहासात मात्र तो बोचतो. १८१८मध्ये राज्य सोडलेल्या पेशवा दुसऱ्या बाजीरावाला ईस्ट इंडिया कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले. १८५१मध्ये तो वारला आणि त्याचे दत्तक पुत्र नानासाहेबांना ते नाकारले. देणाऱ्याची मर्जी! पेन्शन ही मर्जी नव्हे, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये नकारा खटल्यात सांगितलं. मला ते मनापासून पटतं. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ घुमलं. ‘जुनी’ म्हणजे १ नोव्हेंबर २००५पूर्वी नोकरीला लागलेल्यांची: पगारातून वर्गणी न कापता, शेवटच्या पगाराच्या निम्मी.